पिकअपचा खांदा

ज्या माणसानं मला चारचौघांत लबाड म्हटलं, त्याच्याच घरी मी पोटभर जेवून आलो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी तावातावानं लिहिणार आहे आणि वाचणाऱ्याला वाटेल, हा नुसता भांडून आला असणार. भांडलोच. पण जेवलोही.

मी सिन्नरला जुन्या गाड्या घेतो आणि विकतो. त्याआधी बरीच वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम केलं. दुसऱ्याच्या दुकानाच्या ओट्यावर झोपून शिकलो; बोट धरून कोणी शिकवलं नाही. म्हणून माझ्या अंगणातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीची वायरिंग मी स्वतः तपासतो, आणि इंजिनापासून चेसिसला जाणारी अर्थिंगची पट्टी तर नवीच टाकतो. ज्यांनी ही पट्टी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. तांब्याच्या बारीक तारा विणून केलेली ती एक चपटी वेणी असते. बॅटरीतून निघालेला करंट काम करून लोखंडातून परत बॅटरीकडे येतो. इंजिन बसवलेलं असतं रबरावर, त्यामुळे त्या करंटला चेसिसपर्यंत यायला धड रस्ता असतो तो हाच. पट्टी किरकोळ दिसते, पण ती गेली की गाडीला भूतबाधा झाल्यासारखं होतं.

उन्हाळा संपता संपता अमडापूरजवळच्या एका गावचा अनंता नावाचा शेतकरी माझ्याकडून पिकअप घेऊन गेला. सकाळी आला तो दिवेलागणीपर्यंत हलला नाही. मी आवाज चढवला की तो हसायचा, मी हसलो की तो उठून चपला घालायचा. माझ्याशी इतका वेळ घासाघीस करणारा माणूस मला क्वचित भेटतो. गाडी देताना मी मनातून खूश होतो.

आणि ऐन थंडीत, आमच्या जुन्या गाड्यांच्या व्यवहाराच्या फोनवरच्या ग्रुपवर, त्याचा आवाज ऐकू आला. “सिन्नरवाल्याच्या गाडीनं माह्या बापाचा हात मोडला. आपोआप पळते थे गाडी. वायरिंगमंदी खोट हाये. त्याच्यापासून कोनी गाडी घेऊ नका, लबाड मानूस हाये थो.”

मी दुकानातला स्टूल लाथेनं उडवला. मग खाली बसलो. लबाड हा शब्द मला नवा नाही, धंद्यात तो येता-जाता कानावर पडतो. पण म्हाताऱ्याचा हात? माझ्या वायरिंगनं? ज्या कामावर मी उभा राहिलो, त्या कामानं?

अनंताला फोन लावला. त्यानं काय झालं ते सांगितलं. त्याचे वडील पुंजाजी सकाळी दुधाचे कॅन घेऊन निघाले, उतारावर अॅक्सिलेटर दाबलेला तसाच अडकला, गाडी सुटली. समोर शाळेत चाललेली मुलं. म्हाताऱ्यानं गाडी रस्ता सोडून तुरीच्या शेतात घातली आणि बांधावर आदळली. मुलं वाचली, म्हाताऱ्याचा उजवा हात मोडला.

मी अट घातली. “आता गाडी उघडायची नाही. मी येतो. खोट माझी निघाली तर गाडी परत नेईन, बाबांच्या हाताचं सगळं मी बघेन, आणि ग्रुपवर मीच सांगेन की मी लबाड. नाही निघाली तर तू सांगायचंस, त्याच तोंडानं, त्याच ग्रुपवर.”

“या ना,” तो म्हणाला. “पन पाह्यल्यावर पयू नका.”

नांदुरा

रेल्वेतला प्रवास लिहिण्यासारखा नाही. रात्रभर मी मनातल्या मनात अनंताशी भांडत होतो आणि जिंकत होतो. नांदुऱ्याला उतरलो तेव्हा उजाडलं होतं. थंडी अशी की बोटं खिशातून काढवेनात. थंडी आमच्याकडेही पडते; पण इथली आणखी कोरडी, ओठ फोडणारी. स्टेशनबाहेर कापसाच्या गाड्या लागलेल्या, ताडपत्र्यांच्या फटींतून पांढरे पुंजके बाहेर आलेले, आणि रस्त्याच्या कडेला सगळीकडे तोच कापूस धुळीत लोळत पडलेला. इतका माल असा वाऱ्यावर? मी व्यापारी माणूस, माझा जीव तुटला.

टपरीवर कच्चा चिवडा खाल्ला. आमच्याकडे चिवडा म्हणजे तळून, भाजून डब्यात भरलेला. इथे समोर पोहे-मुरमुरे घेतले, त्यावर कच्चं तेल, तिखट, कांदा, आणि हातानं कालवून कागदावर दिला. पहिला घास घेतला तेव्हा वाटलं फसवलं. दुसरा घेतला तेव्हा आणखी एक मागितला. “तिखट कमी टाक” म्हटल्यावर टपरीवाला म्हणाला, “कमीच टाकलं, भाऊ. जास्त टाकलं असतं त बोलता नसतं आलं तुमाले.”

खामगावला बस बदलली. पुढे रस्ता चढणीला लागतो. खाली सपाट काळं रान, कापूस आणि पिवळ्या फुलांची तूर. वर सागाची, पळसाची झाडी आणि दगड. शेजारी धोतर-टोपीतले एक आजोबा बसले होते. कुठले, कोणाकडे, अशी चौकशी झाली. मी पुंजाजींचं नाव घेतलं.

आजोबा माझ्याकडे पूर्ण वळले. “तुमीच का थे सिन्नरवाले? भुताची गाडी इकनारे?”

मी पिशवी जवळ ओढली.

“मी म्हतलं पुंजाजीले, काऊन ठेवतं बे थे गाडी घरी, देऊन टाक भंगारात. त नाई म्हनते थो.” मग जरा थांबून, माझ्या हातातल्या पिशवीकडे बघत, “मांत्रिक हाये का तुमी?”

पिशवीत माझा मीटर, पाने आणि वायरी होत्या. पुढल्या सीटवरचे दोघे मागे वळून मला बघून घेत होते. जिथं मी आयुष्यात पाऊल टाकलं नव्हतं त्या मुलखात माझं नाव माझ्याआधी पोचलं होतं. रागावण्याइतकंही भान मला उरलं नाही.

अमडापूर

फाट्यावर अनंता मोटरसायकल घेऊन उभा होता. रामराम नाही, काही नाही. “बसा,” एवढंच. पण घरी न नेता त्यानं आधी मला सलीमभाईच्या गॅरेजसमोर उतरवलं. गावात गाडी बिघडली की सलीमभाईच बघतो, आणि ह्या पिकअपवर त्यानं काय काय केलं ते माझ्यासमोर वदवून घ्यायचं, असा अनंताचा डाव होता. मी असतो तर हेच केलं असतं.

सलीमभाई पन्नाशीचा, मेंदी लावलेली दाढी. त्यानं आधी चहा मागवला, मग माझ्यावर तोफ डागली. “शेठ, बॅटरी बदली, सेल्फ खोलला, डायनामो तपासला. सगळं ठीक हाये. पन गाडी सकाळी उठतच नाई. घुरघुर करते अन् बसते. अन् एक तमाशा सांगू? दिवा लावला का पाण्याचा काटा वर चढते.”

“काय?”

“हेडलाइट लावली का इंजिन गरम. बंद केली का थंड. बोला आता. दिव्यानं पाणी तापते का हो कुठं?”

अनंता म्हणाला, “म्हनूनच भूत म्हनतात लोकं.”

मी चहाचा पेला खाली ठेवला. पाणी तापत नव्हतं. काटा खोटं बोलत होता. काट्याची तार जाते इंजिनाकडे. इंजिनाचा परतीचा रस्ता खराब असला की दिव्यांचा भार पडल्याबरोबर काटा भरकटतो. हे मी कितीतरी गाड्यांत पाहिलं आहे. म्हणजे खोट होती ती अर्थिंगमध्येच. आणि अर्थिंग मी केली होती.

“अर्थिंग बघितलीत?” मी विचारलं.

“पाह्यली ना. पट्टी नवी कोरी, बोल्ट टाइट. हात लावाची गरजच नाई.” सलीमभाईनं माझ्याकडे रोखून बघितलं. “तुमीच लावली म्हने थे?”

“मीच.”

“मंग?”

मी पिशवी उचलली. सलीमभाई कुलूप लावून आमच्या मागोमाग निघाला. त्याला बोलावलं कोणी नव्हतं, पण तमाशा चुकवायचा नव्हता.

गावात

गावाचं नाव लिहीत नाही. माणसं ओळखू येतील. सिमेंटची चार-सहा घरं, बाकी पत्र्याची, दारादारांत कापसाचे ढीग. अनंताच्या अंगणात ती पिकअप उभी होती. पुढचा दिवा फुटलेला, बंपर आत गेलेला. जिला मी घासूनपुसून पाठवलं, ती अशी. तिच्या बाजूला, उन्हात, बाजेवर पुंजाजी बसले होते. हडकुळे, ताठ, उजवा हात कोपरापासून प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला.

मला वाटलं होतं म्हातारा शिव्या देईल. मी तयारीत होतो.

“या पाव्हने,” ते म्हणाले. “थकले असान. व सुनबाई, पानी आन. आधी जेवा, मंग तिच्याकडं पाहा. उपाशी मानसानं जनावराले हात लावू नये.”

त्या प्लास्टरकडे न बघता मी हातपाय धुतले आणि जेवायला बसलो. मी कुठल्याही सौद्यात असा बसलो नव्हतो.

जेवायला ज्वारीची भाकर, तुरीच्या हिरव्या दाण्यांची आमटी आणि ठेचा. आमच्याकडे बाजरी, आणि तुरीची डाळच माहीत. कोवळे दाणे भाजून, वाटून अशी आमटी होते हे मला ठाऊक नव्हतं. नाकाडोळ्यांतून पाणी वाहत असताना मी तिसरी भाकर मागितली. अनंता माझ्यासमोर बसून मुकाट्यानं जेवत होता, पण माझी वाटी रिकामी झाली की तोच भरत होता. शत्रूला असं वाढणारी माणसं मी पाहिली नव्हती. मला त्याचा आणखीच राग आला.

जेवण झाल्यावर बॉनेट उघडलं. अंगणात माणसं जमली होती. बसमधले आजोबाही काठी टेकत आले होते. मी त्यांच्याकडे पाठ केली.

पट्टीला मी हात लावला नाही. खरं सांगायचं तर धजलो नाही. आधी बॅटरीची टोकं काढून घासली, परत बसवली. बॅटरीकडून चेसिसला जाणारी निगेटिव्ह वायर तपासली. चोख. सेल्फची जाड वायर तपासली. चोख. मग अनंताला चावी फिरवायला सांगितली. घुर्र, घुर्र, घुर्र, आणि गप्प. “अजून एकदा,” मी म्हणालो आणि वायरी बाजूला सारताना माझं बोट अॅक्सिलेटरच्या केबलला लागलं.

मी ओरडलोच. करंट नव्हता तो, चटका होता. पायाच्या पेडलपासून इंजिनावरच्या पंपापर्यंत जाणारी ती साधी केबल, दुचाकीच्या ब्रेकच्या तारेसारखी, चुलीतून काढलेल्या सांडशीसारखी तापली होती. तिच्या कव्हरातून धुराची रेघ निघत होती.

“या अल्ला,” सलीमभाई म्हणाला.

कितीतरी वर्षं ह्या कामात काढून मी हे फक्त ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं. जमलेल्यांना मी जे सांगितलं ते इथेही सांगतो. बाजाराला माणसं पुलावरून येतात आणि पुलावरूनच परत जातात. पूल बंद झाला म्हणून कोणी बाजारात राहत नाही. बांधावरून, काट्याकुट्यातून, जिथून फट मिळेल तिथून घरी जातात. करंटचं तसंच आहे. सेल्फ मारला की बेसुमार करंट इंजिनात येतो, त्याला परत जायचंच असतं. पट्टीतून वाट मिळेना म्हणून तो ह्या केबलमधून चालला होता. रोज सकाळी ती केबल तापत होती, आतलं प्लास्टिक वितळत होतं, थंड होऊन पुन्हा घट्ट होत होतं. एके दिवशी तार आत चिकटून बसली. पाय उचलला तरी अॅक्सिलेटर सुटला नाही.

“म्हंजे भूत नाई,” आजोबा जरा हिरमुसून म्हणाले.

“भूत नाई,” अनंता म्हणाला. तो खाली उतरून माझ्यासमोर उभा राहिला होता. “पट्टीतून वाट नाई म्हंता तुमी. पट्टी कोनाची?”

मी मीटर काढला. एक टोक चेसिसवर, एक इंजिनावर. “सेल्फ मारा,” मी सलीमभाईला सांगितलं. ह्या दोन ठिकाणांत आकडा शून्याच्या आसपास राहायला पाहिजे. आकडा उडी मारून वर गेला. सलीमभाईनं मान बाहेर काढून वाचला आणि लगेच आत घेतली. त्यालाही ते बघवलं नाही.

पूल तुटला होता, आणि पूल माझा होता. पट्टी चकचकीत, बोल्ट घट्ट, तरीही. माझ्या हातून काय राहिलं? पट्टीच्या टोकाचं कडीसारखं थिंबल नीट दाबलं नाही? चेसिसवरचा रंग खरवडला नाही? मला स्पष्ट आठवत होतं की खरवडला. पण आठवण काय, आपल्याला पाहिजे तसं आठवतं. मी बाजेकडे बघितलं नाही. गाडीखाली सरकलो, पाना लावला आणि बोल्ट सोडला.

बोल्ट निघाला तो हिरवा. आट्यांत गंज आणि हिरवा चिकट लगदा. थिंबल उचललं तर त्याच्याखाली, चेसिस आणि तांब्याच्या मध्ये, काहीतरी काळं, पातळ चिकटलेलं. मला वाटलं रबर. नखानं सोडवलं. तळहातावर आलं ते रबर नव्हतं. त्याला शिरा होत्या.

पान होतं. झाडाचं पान. वाळून, तेलकट होऊन, बोल्टच्या मापाचं भोक पाडून नीट बसवलेलं पान.

मी बाहेर आलो आणि ते सलीमभाईसमोर धरलं. त्यानं वास घेतला, बोटांत चोळलं, आणि आ वासला. “शेठ, हे पळसाचं पान हाये. गाडीत पत्रावय कोनं मांडली?”

अनंताच्या आईनं, ती इतका वेळ दारात उभी होती, बोल्ट हातात घेऊन लुगड्याच्या पदरानं पुसला. “हे तूप व माय,” ती म्हणाली. “तांब्याले तूप लागलं का असंच हिरवं कयकते. अन् हे हळद दिसून राह्यली.” मग तिचा हात थांबला. तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. तूप, हळद, पळसाचं पान. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचा खांदा शेकतात. वर्षभर जू वाहून दुखलेल्या खांद्याला तूपहळद लावून पळसाच्या पानानं चोळतात. आमच्याकडेही करतात, खांदेमळण म्हणतात. पण बैलाला! गाडीला आमच्याकडे दसऱ्याला हार घालतात, नारळ फोडतात, झालं.

“बाबा,” अनंता म्हणाला, “हे तुमी केलं?”

“मंग कोन करीन?” पुंजाजी म्हणाले. आवाजात कसलीही लाज नव्हती. “बैल इकले अन् ही आनली. पोया आला. कष्ट तर हीच करून राह्यली ना? मी खाली पाह्यलं, हिचा खांदा कुठी हाये म्हनून. त थे तांब्याचं जोतं दिसलं, इंजिनाले गाडीसंगं बांधेल. जिथी जोतं बांधलं तिथीच खांदा. पाना घेतला, खोललं, शेकलं, अन् पान ठेवलं तसंच, का औषध लागून राहो.”

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. बैलाच्या मानेखालून जुवाला बांधतात ते जोतं. माणसानं विचार केला होता आणि तो बरोबरही होता: इंजिन ओढतं, ते गाडीला त्या पट्टीनं जोडलेलं. फक्त ती पट्टी ओझं ओढत नाही, करंट ओढते, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सुरुवातीला बोल्टच्या आट्यांतून काम चाललं. मग परतीचा पाऊस, चिखल, तूप कळकलं, गंज चढला, आणि वाट बंद झाली.

आणि दुसऱ्याच क्षणी माझा राग भडकला. इतके दिवस मी जळत होतो! ते पान हातात उंच धरून मी ओरडलो, “बघा सगळ्यांनी! हीच का माझी लबाडी? काढ फोन, अनंता. बोल आता त्याच तोंडानं!”

अनंता माझा दंड धरून मला गाडीच्या मागे घेऊन गेला. पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली आला. “बोलतो. पन बाबाचं नाव नका घेऊ. माह्या बापानं सोताच्या हातानं सोताचा हात मोडला, असं गावभर होईन. हसतीन लोकं. वायरिंगची खोट नोती, एवढंच म्हन्तो.”

“मग लोक म्हणतील, नव्हती तर काय होतं? पुन्हा संशय माझ्यावरच. माझं नाव घेताना तू विचार केलास?”

“तुमी सांगायले पाह्यजे होतं का थे खोलू नका म्हनून.”

“कोणत्या गिऱ्हाइकाला मी सांगू की बोल्टखाली तूप लावू नका? कोणाच्या स्वप्नात तरी येईल का हे?”

“तुमच्या नाई येनार. आमच्या येते.”

आम्ही असे एकमेकांच्या अंगावर जात असताना पुंजाजी बाजेवरून उठून, डावा हात पिकअपच्या कडेवर टेकवत टेकवत आमच्यापर्यंत आले. “काय गुजगुज करून राह्यले? आन थो फोन इकडं.”

“बाबा, राहू द्या.”

“काऊन? खांदा शेकताना बैलानं शिंग मारलं त बैलाले दोष देतेत का इकनाऱ्याले? शेकनाऱ्यानं नीट उभं राहाव. धर थो फोन तोंडाजवय.”

अनंतानं धरला. म्हातारा फोनमध्ये ओरडून बोलला, पलीकडचा माणूस दूरच्या शेतात असल्यासारखा. “मी अनंताचा बाप बोलून राह्यलो. सिन्नरवाल्याची गाडी चांगली हाये. मी तिचा खांदा शेकला त जागा चुकली. तिची चूक नाई, त्याची नाई, माही हाये. ज्याच्या घरी गाडी असीन त्यानं तांब्याच्या पट्टीले हात लावू नये. झालं?”

कोणी हसलं नाही. बसमधले आजोबा तर गंभीरपणे मान हलवत होते, जणू त्यांनाही त्यांच्या गाडीचं काही आठवलं.

मी जिंकलो होतो. ज्यासाठी रात्रभर प्रवास करून आलो ते मिळालं होतं. पण ते मिरवायचं सोडून मी काम हातात घेतलं. चेसिसची जागा घासणी कागदानं पांढरी होईपर्यंत घासली, पट्टीची टोकं घासली, नवा बोल्ट टाकला. सलीमभाईनं स्वतःच्या दुकानातून नवी केबल आणून बसवली आणि बसवताना तीनदा म्हणाला की पट्टी त्यानं खोलायला पाहिजे होती. अनंतानं चावी फिरवली. इंजिन एका हिसक्यात उठलं. दिवे लावले, काटा हलला नाही.

अनंतानं माफी मागितली नाही. अजूनही मागितलेली नाही. मी विसरलेलो नाही.

मी हात पुसत होतो, तेव्हा पुंजाजी माझ्याजवळ आले. “पाव्हने, मंग सांगा. खांदा कुठी हाये हिचा?”

“काय?”

“तिथी नाई म्हनता. मंग कुठी? ओझं कुठी बसते हिच्या?”

इतक्या गाड्या मी विकल्या. लोकांनी मला अॅव्हरेज विचारलं, कागदपत्रं विचारली, टायर दाबून-वाजवून पाहिले. हे कोणी विचारलं नव्हतं. थट्टेवारी नेण्याचा प्रश्न नव्हता; म्हातारा उत्तराची वाट बघत उभा होता. मी खाली वाकलो. मागच्या चाकापाशी पाट्यांची स्प्रिंग जिथे चेसिसला टांगलेली असते, ती जागा दाखवली. “इथे. मागं भरलेला सगळा माल ह्याच्यावर येतो. करंटचा इथे काही संबंध नाही. इथे लावा, पाहिजे तेवढं.”

त्यांनी डावा हात आत घालून ती जागा चाचपली. दोन्ही बाजूंची. बराच वेळ. मग घराकडे तोंड करून म्हणाले, “व सुनबाई, तूप आन. अन् हळद. पानं असतीन वर.”

“आता?” अनंता म्हणाला. “पोया होऊन गेला, बाबा.”

“बाकीच्याइचा झाला. हिच्या खांद्याले कुठी काय लागलं?”

वाटी आली. पळसाचं पान आलं. म्हाताऱ्याचा उजवा हात गळ्यात, आणि डाव्या हातानं खांदा शेकत नाहीत म्हणे. अनंता पुढे झाला, तर त्यांनी त्याला थांबवलं आणि वाटी माझ्यापुढे धरली. “तुमाले जागा ठाव हाये.”

मी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि जमिनीवर उताणा पडून आत सरकलो. कोमट तूप मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं. आधी डावी बाजू चोळली, मग उजवी. गाडीखालून म्हाताऱ्याचे पाय दिसत होते, अनंताचे, सलीमभाईचे.

“बोला आता,” पुंजाजी म्हणाले. “नुसतं चोयून चालत नाई. शेकते त्यालेच बोला लागते.”

काय बोलायचं ते मला माहीत होतं. बैलाचा खांदा मळला की त्याला उद्याच्या पुरणपोळीचं आमंत्रण देतात, आमच्याकडेही देतात. मी इकडेतिकडे पाहिलं. वर फक्त चेसिस होती, मीच घासून रंगवलेली.

आणि मी, भांडायला म्हणून इतक्या लांब गेलेला माणूस, घसा साफ करून त्या पिकअपला म्हणालो, “आज आवतन घे, उद्या जेवायला ये.”